जुन्या रेकॉर्डच्या दोन सेकंदांतून नवे गाणे कसे उभे राहते

रॅपचे एखादे गाणे गाजू लागले की थोड्याच दिवसांत त्याच्यावर एक आरोप हमखास होतो. याचे संगीत अमक्या जुन्या गाण्यातून उचलले आहे, असे कोणीतरी दोन्ही गाणी एकापाठोपाठ ऐकवून दाखवते आणि वाद सुरू होतो. एक बाजू त्याला उघड चोरी म्हणते, दुसरी त्याला कला म्हणते, आणि प्रकरण कोर्टात गेले की सामान्य श्रोत्याचा गोंधळ आणखी वाढतो. दोन सेकंदांच्या तुकड्यावर कोणाची मालकी असू शकते का? परवानगी मागायची ती कोणाकडे? आणि ज्याने तो तुकडा मुळात वाजवला, त्याच्या हाती काय पडते?

या प्रश्नांची उत्तरे मोघमपणे देण्यापेक्षा एक गाणे हाताशी धरून शोधलेली बरी. त्यासाठी मी १९९२ साली अमेरिकेत निघालेले 'दे रेमिनिस ओव्हर यू (टी.आर.ओ.वाय.)' हे पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ या जोडीचे गाणे निवडले आहे. ते निवडण्याचे कारण असे की जुन्या रेकॉर्डचे तुकडे वापरून केलेल्या संगीतात अस्सल भावना असू शकत नाही, या समजाला इतके ठाम उत्तर देणारे दुसरे गाणे मला माहीत नाही.

गाणे कोणाचे, आणि दोघांपैकी कोण काय करतो

हिप हॉपमधल्या, म्हणजे रॅप ज्यात मोडते त्या संगीतातल्या, अशा जोडीत कामाची वाटणी स्पष्ट असते. रॅपर शब्द लिहितो आणि ते ठेक्यावर म्हणतो. प्रोड्यूसर संगीत तयार करतो. चित्रपटाला पैसा पुरवणाऱ्या निर्मात्याशी या प्रोड्यूसरचा काही संबंध नाही. आपल्याकडे संगीतकार, संगीत संयोजक आणि ध्वनिमुद्रक असे तिघे मिळून जे करतात, त्याचा बराचसा भाग तो एकटा करतो. रॅपर ज्याच्यावर शब्द म्हणतो त्या तयार संगीताला बीट म्हणतात. या जोडीत सी. एल. स्मूथ रॅपर आणि पीट रॉक प्रोड्यूसर.

दोघेही न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट व्हर्नन या गावचे. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स या भागाला लागूनच उत्तरेकडे असलेले हे छोटे शहर. याच गावातला हेवी डी अँड द बॉइज हा गट त्या काळात चांगलाच लोकप्रिय होता आणि हेवी डी हा पीट रॉकचा नात्याने भाऊ लागत असे. त्या गटात ट्रॉय डिक्सन नावाचा तरुण नर्तक होता. १५ जुलै १९९० रोजी, गट दौऱ्यावर असताना, इंडियानापोलिस येथे एका अपघातात त्याचा मृत्यू झाला. तो २२ वर्षांचा होता. गाण्याच्या इंग्रजी नावातल्या चार शब्दांची आद्याक्षरे जुळवली की त्याचे नाव तयार होते.

हे गाणे शोकगीत आहे. पण गेलेला मित्र त्यात थेट शेवटच्या कडव्यात येतो. पहिल्या कडव्यात रॅपर आपल्या जन्मापासून सुरुवात करतो आणि कोवळ्या वयात पदरी मूल आलेल्या आईविषयी बोलतो. दुसऱ्यात घरातला एक वडीलधारा पुरुष येतो. जन्मदात्याने पाठ फिरवल्यावर त्यानेच या मुलाला वाढवले. ज्यांनी आपल्याला घडवले त्या सगळ्यांची नावे घेत घेत तो मित्रापर्यंत पोहोचतो. मृत्यूविषयी लिहिताना कुटुंबाची अशी मोजदाद मांडण्याचे धैर्य थोड्यांना होते. प्रत्येक कडवे संपले की धृवपद म्हणून कोणी गात नाही. तिथे एक सॅक्सोफोन भरून येतो. ऐकणाऱ्याच्या मनात गाणे राहते ते या सॅक्सोफोनसकट. आणि तो सॅक्सोफोन या गाण्यासाठी कोणीही वाजवलेला नाही.

सॅम्पल म्हणजे काय, आणि चाल घेणे म्हणजे काय

तो सॅक्सोफोन आला एका जुन्या रेकॉर्डमधून. आधीच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा कापून नव्या गाण्यात बसवणे म्हणजे सॅम्पलिंग, आणि तो तुकडा म्हणजे सॅम्पल. तुकडा पुन्हा पुन्हा, अखंड आवर्तनासारखा वाजवला की त्याला लूप म्हणतात. या लेखापुरती एवढी परिभाषा पुरते.

चाल घेणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि मराठी वाचकाला तो फरक चटकन कळायला हवा, कारण आपली संगीत नाटके चाली घेऊनच उभी राहिली. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल रंगभूमीवर आले, तेव्हापासून आधीच्या पदांच्या, लावण्यांच्या, कीर्तनातल्या, पुढे बंदिशींच्या चालींवर नवी पदे बेतली गेली, आणि नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या वर 'चाल' असे लिहून मूळ पदाचा निर्देशही केला जाई. तिथे घेतलेली वस्तू म्हणजे स्वरांची रचना. आवाज दर वेळी नव्या नटाचा, साथ नव्या साजिंद्यांची. सॅम्पलमध्ये घेतला जातो तो प्रत्यक्ष आवाज: अमक्या दिवशी, अमक्या स्टुडिओत, अमक्या वादकाने फुंकलेला श्वास, त्यामागची खोलीतली घुमारदार हवा आणि रेकॉर्डवरची खरखर यांसह. रचना घेतली की मुद्रण, या एका प्रश्नावर पुढचा सगळा कायदा उभा आहे.

या रीतीचा उगम ब्रॉन्क्समध्येच सापडतो. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत झालेल्या पार्टीपासून हिप हॉपचा आरंभ धरतात. जमैकात जन्मलेला डीजे कूल हर्क तिथे रेकॉर्ड वाजवत होता. गाण्यातला फक्त ढोलताशांचा भाग आला की नाचणाऱ्यांना चेव येतो, हे त्याने हेरले होते. त्यामुळे पुढे त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती रेकॉर्ड वाजवण्याच्या दोन यंत्रांवर ठेवून तेवढाच भाग आलटूनपालटून लांबवत नेण्याची पद्धत रूढ केली. पुढे हेच काम यंत्राने होऊ लागले.

अडीच सेकंदांचा हिशेब

पीट रॉक त्या काळात वापरत असलेले मुख्य यंत्र म्हणजे १९८७ साली बाजारात आलेले ई-म्यू कंपनीचे एसपी-१२००. त्याच्या मर्यादा समजून घेतल्या तर 'बटण दाबले की गाणे तयार' हा गैरसमज दूर होतो. या यंत्राच्या स्मृतीत सगळे मिळून सुमारे १० सेकंदांचा आवाज मावत असे, आणि कोणताही एक तुकडा सुमारे अडीच सेकंदांपेक्षा मोठा घेता येत नसे. एवढ्यातच ढोल, बास, सॅक्सोफोन आणि गाणाऱ्यांचे आवाज बसवायचे.

आता हिशेब करून पाहा. या गाण्याची लय मिनिटाला साधारण १०० मात्रांची आहे. म्हणजे चार मात्रांच्या एका आवर्तनाला २.४ सेकंद लागतात आणि ते एका तुकड्यात जेमतेम बसते. मूळ रेकॉर्डची लय संथ असेल तर आवर्तन बसत नाही. त्यावर त्या पिढीने काढलेली युक्ती अशी: ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांच्या वेगाने फिरवायची. वेग १.३५ पट होतो आणि सव्वातीन सेकंदांचे आवर्तन २.४ सेकंदांत आटोपते. यंत्रात घेतल्यावर ते पुन्हा सावकाश करायचे. पण या खटाटोपात आवाजाचा बारीक तपशील झडतो. त्यात हे यंत्र १२ बिटचे, म्हणजे आवाजाची तीव्रता ४,०९६ पायऱ्यांत मोजणारे. सीडीवर त्याच पायऱ्या ६५,५३६ असतात. सेकंदाला आवाजाचे सुमारे २६,००० नमुने ते घेई, सीडीसाठी ४४,१०० घेतले जातात. आवाज जाडाभरडा होतो, ढोलाला खरबरीत धार येते. त्या काळच्या न्यूयॉर्कच्या गाण्यांचा जो उबदार, किंचित धुरकट नाद आज लोक मुद्दाम शोधतात, तो या तुटपुंज्या स्मृतीतून जन्मला.

सॅन फ्रान्सिस्कोचे प्रेमगीत माउंट व्हर्ननचे शोकगीत कसे झाले

पीट रॉकला सापडलेली रेकॉर्ड होती सॅक्सोफोनवादक टॉम स्कॉट याची १९६७ सालची, 'द हनीसकल ब्रीझ' नावाची. त्या वेळी स्कॉट जेमतेम १९ वर्षांचा होता. या तबकडीवर 'टुडे' नावाचे गाणे आहे, आणि तेही मुळात त्याचे नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या जेफरसन एअरप्लेन या रॉक गटाचे ते प्रेमगीत. मार्टी बॅलिन आणि पॉल कँटनर यांनी रचलेले, त्याच वर्षी प्रकाशित झालेले. स्कॉटने ते जॅझच्या अंगाने वाजवले आणि त्याला कॅलिफोर्निया ड्रीमर्स या गायकवृंदाची साथ होती.

म्हणजे पीट रॉकच्या हाती आलेली वस्तू आधीच एकदा हात बदलून आलेली होती. त्याने त्यातला सॅक्सोफोनचा एक वळसा, वृंदाचे मागून येणारे आवाज आणि बासची चाल एवढेच घेतले. त्या काळच्या प्रोड्यूसरांची एक रीत होती: जुन्या मुद्रणातले वरचे स्वर यंत्राने गाळून टाकायचे, म्हणजे खाली फक्त बासचा घुमार उरतो, आणि मग त्याच्यावर दुसऱ्या रेकॉर्डचे ढोल चढवायचे. पीट रॉक या कामात अग्रणी मानला जातो. इथे ढोल अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या १९६८ सालच्या एका रेकॉर्डमधले आहेत, आणि गाणे उघडते ते बहामा बेटांवरच्या द बिगिनिंग ऑफ द एंड या गटाच्या तुकड्याने. सॅन फ्रान्सिस्कोची रचना, कॅलिफोर्नियातला सॅक्सोफोन, ब्राउनच्या वाद्यवृंदाचे ढोल आणि बहामाची ललकारी, यांतला कोणीही या गाण्यासाठी दुसऱ्याला भेटलेला नाही. ते एकत्र येतात ते एका तरुणाच्या कानात.

मूळ रेकॉर्डवरचा तो सॅक्सोफोन ऐकावा. सुंदर आहे, पण तिथे ते अनेक वळणांपैकी एक वळण आहे, आले आणि गेले. लूप झाल्यावर तेच वळण परत परत येते, आणि आठवण जशी नको म्हटले तरी परतते तसे ते परतत राहते. शोक व्यक्त करणाऱ्या गाण्याला ही पुनरावृत्ती नेमकी मानवते. हा अर्थ १९६७ च्या रेकॉर्डवर नव्हता. तो निवडीतून, कापण्यातून आणि शेजारी काय ठेवले त्यातून आला, आणि ही माझ्या मते रचनाच आहे.

"वाद्य वाजवता येत नाही म्हणूनच हे करावे लागते ना?"

हा आक्षेप नेहमी येतो. वाद्य वाजवण्याचे आणि सॅम्पल घडवण्याचे कौशल्य एक नाही, हे मान्य करायला हवे. पण हजारो रेकॉर्ड चाळून त्यातले चार सेकंद ओळखणे, ते दुसऱ्या पट्टीतल्या आणि दुसऱ्या लयीतल्या तुकड्यांशी सुरात व तालात जुळवणे, ढोलाचा प्रत्येक ठोका सुटा करून आपल्या हाताने पुन्हा वाजवणे, यासाठी लागणारा कान कुठल्याही संगीतकाराच्या कानापेक्षा कमी तयारीचा नसतो. वाईट सॅम्पलिंगही असते. गाजलेल्या गाण्याचे गाजलेले धृवपद जसेच्या तसे उचलून त्यावर शब्द टाकणारी गाणी ढिगाने निघतात. तो आळस आहे. मात्र आळशी अभंगरचना निघाल्या म्हणून अभंग हा प्रकार कोणी मोडीत काढत नाही.

एका मुद्रणाचे दोन मालक

आता कायद्याकडे वळू. प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. पहिला रचनेचा: स्वररचना आणि शब्द यांचा, तो रचनाकारांचा किंवा त्यांच्याकडून तो घेतलेल्या प्रकाशकाचा. दुसरा मुद्रणाचा: प्रत्यक्ष टिपलेल्या आवाजाचा, तो बहुधा रेकॉर्ड कंपनीचा. शेतजमीन घेताना सातबाऱ्यावर मालकाचे नाव पाहून भागत नाही, 'इतर हक्क' हा रकानाही वाचावा लागतो. तिथे कोणाचा बोजा वा कोणाची वहिवाट लिहिलेली असेल तर एकट्या मालकाच्या सहीने व्यवहार पुरा होत नाही. सॅम्पल घेणाऱ्याला असेच दोन्ही दरवाजे ठोठवावे लागतात. त्या सॅक्सोफोनच्या बाबतीत मुद्रण टॉम स्कॉटच्या रेकॉर्ड कंपनीचे आणि रचना बॅलिन-कँटनर यांची. एखाद्याने तोच वळसा नव्या वादकाकडून वाजवून घेतला तर मुद्रणाची परवानगी लागणार नाही, पण रचनेची लागेल.

या दोन हक्कांच्या मुदतीही सारख्या नसतात. अमेरिकेत तर आणखी एक गुंता होता. तिथल्या केंद्रीय कायद्याने १५ फेब्रुवारी १९७२ पासूनच्याच ध्वनिमुद्रणांना संरक्षण दिले. त्याआधीची मुद्रणे, म्हणजे १९६७ ची ही रेकॉर्डही, राज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांवर अवलंबून राहिली. २०१८ साली नवा कायदा झाल्यावर ती केंद्रीय संरक्षणाच्या कक्षेत आली.

१९९१ चा निकाल आणि "फक्त दोन सेकंद" हा बचाव

हिप हॉपच्या सुरुवातीच्या काळात परवानगीची फारशी फिकीर कोणी करत नसे, कारण या संगीतात पैसाच नव्हता. पैसा आल्यावर दावे आले. गिल्बर्ट ओसलिव्हन या गायकाच्या गाण्याचा तुकडा परवानगीविना वापरल्याबद्दल रॅपर बिझ मार्की आणि त्याची कंपनी यांच्यावर दावा झाला आणि डिसेंबर १९९१ मध्ये न्यूयॉर्कचे न्यायाधीश केव्हिन डफी यांनी बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने निकालपत्राची सुरुवात करून वापर थांबवण्याचा हुकूम दिला. पीट रॉक आणि सी. एल. स्मूथ यांचे गाणे त्यानंतर काही महिन्यांतच बाहेर पडले, म्हणजे जुनी मोकळीक संपत असतानाच. एका गाण्यात डझनभर तुकडे वापरणे यानंतर खर्चाच्या दृष्टीने अवघड होत गेले. डी ला सोल या गटाची सुरुवातीची गाणी सॅम्पलच्या परवानग्यांच्या गुंत्यामुळे ऑनलाइन ऐकायला मिळण्यासाठी मार्च २०२३ उजाडला, यावरून त्या गुंत्याची कल्पना यावी.

अमुक सेकंदांपर्यंत घेतले तर चालते, असा सर्वमान्य नियम कोणत्याच देशात नाही. न्यायालयांतच एकवाक्यता नाही. अमेरिकेतल्या एका केंद्रीय अपील न्यायालयाने २००५ साली, अवघ्या दोन सेकंदांच्या गिटारच्या प्रकरणात, परवाना घ्या नाहीतर सॅम्पल करू नका असा सरळ दंडक घातला. दुसऱ्या अपील न्यायालयाने २०१६ साली, मॅडोनाच्या गाण्यातल्या पाव सेकंदाहून छोट्या तुकड्याबाबत, सामान्य श्रोत्याच्या ध्यानातही न येणारा वापर हा भंग नव्हे असे म्हटले. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ साली जर्मनीतल्या क्राफ्टवेर्क गटाच्या दोन सेकंदांच्या तुकड्याबाबत मधला मार्ग काढला: कानाला ओळखू येणार नाही इतका बदललेला तुकडा चालेल, ओळखू येणाऱ्याला परवानगी लागेल.

मग ज्याने सॅम्पल घडवले त्याचा स्वतःचा हक्क कोणता? २०१२ साली शिकागोच्या ल्यूपी फियास्को या रॅपरने हेच संगीत आपल्या गाण्यासाठी वापरले, तेव्हा पीट रॉकने जाहीर नाराजी व्यक्त केली. स्वतः दुसऱ्याचे घेणाऱ्याने तक्रार का करावी, असे अनेकांना वाटले. मला ती नाराजी समजू शकते. तो सॅक्सोफोन त्याचा नव्हता, पण तो सॅक्सोफोन, ते ढोल आणि तो शोक यांची जुळणी त्याची होती, आणि ती एका मेलेल्या मित्राच्या नावे केलेली होती. कायद्याच्या भाषेत मात्र त्या सॅक्सोफोनची किल्ली मूळ मुद्रणाच्या आणि मूळ रचनेच्या मालकांकडेच राहते.

लताबाईंचा आवाज लॉस एंजेलिसच्या कोर्टात

हा वाद आपल्यापासून दूर नाही. २००२ साली ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचे एक गाणे तिकडे खूप गाजले. डीजे क्विक या प्रोड्यूसरने त्यात लता मंगेशकर यांच्या 'थोडा रेशम लगता है' या १९८१ च्या 'ज्योती' चित्रपटातल्या गाण्याचा मोठा भाग वापरला होता, परवानगी न घेता. संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले आणि त्यांचे नाव दिल्याशिवाय अल्बमची विक्री करू नये असा मनाई हुकूम लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने दिला. इथवरची कथा आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते.

पुढचा भाग कमी सांगितला जातो. लाहिरींनी ही रचना चित्रपटाच्या निर्मात्यासाठी मोबदला घेऊन केली होती, हक्क निर्मात्याकडे गेला होता आणि तिथून तो रेकॉर्ड कंपनीकडे, हे उघड झाल्यावर त्यांचा दावा टिकला नाही, उलट मालकीची नीट शहानिशा न करता दावा चालवल्याबद्दल त्यांच्या वकिलावर मोठा दंड बसला. २०१० साली अपिलातही तो कायम राहिला. 'आराधना'तल्या एका गाण्याच्या तुकड्यावरून सारेगामा कंपनीने टिंबलँड या प्रोड्यूसरविरुद्ध अमेरिकेत केलेला दावाही २०११ साली अपिलात फेटाळला गेला, कारण १९६७ च्या करारानुसार कंपनीचा मुद्रणावरचा अनन्य हक्क दोनच वर्षांचा होता असे न्यायालयाला आढळले. दोन्ही प्रकरणांत निर्णायक ठरली ती जुन्या कराराची कागदपत्रे.

भारतात काय स्थिती आहे

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आणि त्यातल्या २०१२ च्या दुरुस्त्या लागू आहेत. शब्द, संगीत आणि ध्वनिमुद्रण ही या कायद्यात तीन स्वतंत्र कामे आहेत. ध्वनिमुद्रणाचे संरक्षण प्रकाशनानंतर ६० वर्षे चालते. शब्द आणि संगीत यांचे, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. समजा, १९६० साली प्रकाशित झालेली मराठी भावगीताची रेकॉर्ड आहे. तिच्या मुद्रणाचा हक्क २०२० सरताना संपला. पण शब्द ग. दि. माडगूळकरांचे असतील, तर ते १९७७ साली गेले असल्याने त्या शब्दांचे संरक्षण २०३७ अखेरपर्यंत आहे, आणि संगीतकार त्यांच्यानंतर वारले असतील तर चालीचे त्याहूनही पुढे. म्हणून 'गाणे साठ वर्षांपूर्वीचे आहे, आता कोणाचेही नाही' हे मुंबई-पुण्यातल्या नव्या रॅपरांमध्ये ऐकू येणारे वाक्य अर्धेच खरे असते.

जुन्या गाण्याचे नवे मुद्रण, म्हणजे कव्हर, करण्यासाठी कायद्याने ठरवून दिलेली वाट आहे: मूळ मुद्रणानंतर पाच वर्षे लोटली असतील तर आगाऊ सूचना आणि ठरलेले मानधन देऊन ते करता येते. मात्र ती वाट सॅम्पलसाठी नाही, कारण कव्हरमध्ये सगळे नव्याने गायचे-वाजवायचे असते. टीका, अभ्यास, वार्तांकन यांसाठी असलेल्या सवलतींतही व्यावसायिक गाण्यातले सॅम्पल सहजी बसत नाही. यूट्यूबवर गाणे चढवताच येणारी हक्काची सूचना ही २००७ पासून चालू असलेल्या यंत्रणेने केलेली आवाजाची जुळवणी असते. ती न्यायनिवाडा नसते, पण गाण्याचे उत्पन्न मात्र तिच्यामुळे दुसऱ्याकडे वळू शकते. नव्याने शिकणाऱ्याने गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वीच परवानगीचे पत्र लिहावे. गाणे गाजल्यावर मागितलेल्या परवानगीची किंमत वाढलेली असते.

आणि ज्याने वाजवले त्याचे काय?

हा सगळ्यांत कळीचा प्रश्न आहे, आणि वादात तो सगळ्यांत शेवटी विचारला जातो. परवान्याचे पैसे रेकॉर्ड कंपनीला आणि रचनाकाराला जातात. वादक यांपैकी कोणीच नसतो. १९६९ साली द विन्स्टन्स या गटाच्या गाण्यात ग्रेगरी कोलमन याने सुमारे सहा सेकंदांचा ढोल वाजवला. तो तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला, आणि २००६ साली कोलमन वारला तोपर्यंत त्याला त्यातून काहीही मिळाले नव्हते. जेम्स ब्राउनचा ढोलवादक क्लाइड स्टबलफिल्ड याचा १९७० च्या रेकॉर्डमधला ठेका कित्येक पिढ्यांच्या रॅपखाली वाजत आला, तरी रचनेवर त्याचे नाव नसल्याने त्यावरच्या मानधनावर त्याचा हक्क नव्हता. तो २०१७ साली गेला. सॅम्पलिंगला चोरी म्हणणाऱ्यांनी हे पाहायला हवे की परवानगी रीतसर घेतली असती तरीही या दोघांची झोळी बहुधा रिकामीच राहिली असती. अन्याय मूळ करारातच होता.

आपल्याकडे हा लढा पहिल्यांदा ठामपणे लढला तो लताबाईंनी. १९६० च्या दशकात गायकांनाही रेकॉर्डच्या विक्रीतून मानधन मिळावे अशी त्यांची मागणी होती. त्यावरून महंमद रफी यांच्याशी मतभेद झाले आणि काही वर्षे दोघे एकत्र गायले नाहीत. २०१२ च्या दुरुस्तीने गायक-वादकांना आपल्या कलेच्या व्यावसायिक वापरातला वाटा मागण्याचा अधिकार अखेर कायद्यात आला. परंतु त्याच कायद्यात एक अपवाद आहे: चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या रिवाजाप्रमाणे ज्याचे नाव श्रेयनामावलीत कुठेही येत नाही, त्याला या अधिकारापुरते कलावंत मानले जात नाही. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांत व्हायोलिन, सतार, ढोलकी वाजवणाऱ्या कित्येकांची नावे ना पडद्यावर आली ना तबकडीच्या वेष्टनावर. उद्या त्यांच्यापैकी कोणाचा दोन सेकंदांचा तुकडा एखाद्या तरुणाने उचलला आणि त्याने सगळ्या परवानग्या रीतसर काढल्या, तर त्याला करता येण्यासारखी एक गोष्ट आणखी उरते: तो तुकडा कोणी वाजवला हे शोधून काढणे आणि आपल्या गाण्याच्या श्रेयनामावलीत त्या वादकाचे नाव छापणे.